मिरचीच्या तिखटपणाच्या चाचणीसाठी एचपीएलसीचे द्रावक आणि ग्रेडियंट कसे ठरवावेत

दिवाळी सरली की नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरचीचे थर वाळत पडतात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्याकडे जळगावला नमुन्यांच्या पिशव्या येऊ लागतात. प्रत्येक पिशवीबरोबरचा प्रश्न एकच असतो, तो म्हणजे माल किती तिखट आहे. विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ साली हा प्रश्न माणसांच्या जिभेवर सोपवला होता. आज तो एचपीएलसीच्या (द्रावण दाबाने ढकलून मिश्रणातली द्रव्ये वेगळी करणाऱ्या यंत्राच्या) कॉलमवर, म्हणजे बारीक कणांनी भरलेल्या नळीवर, सोपवला जातो, आणि तेथे कॅप्सेसिन, डायहायड्रोकॅप्सेसिन व नॉरडायहायड्रोकॅप्सेसिन ही तीन तिखट द्रव्ये वेगळी करून मोजावी लागतात. धुळे, नंदुरबार आणि जळगावच्या महाविद्यालयांतून एम. एस्सी. किंवा बी. फार्म.च्या प्रकल्पासाठी येणारे विद्यार्थी बहुधा कोठून तरी मिळालेली पद्धत जशीच्या तशी यंत्रात भरतात आणि पीक (आलेखावरचे उंचवटे) जागेवर आले नाहीत की कॉलमला दोष देतात. प्रत्यक्षात ग्रेडियंटचा, म्हणजे वेळेनुसार द्रावकाची तीव्रता वाढवत नेण्याचा, तक्ता संगणकाच्या पडद्यावर असतो, आणि कॉलमला मात्र त्याच्या तोंडाशी ज्या वेळी जे द्रावण पोहोचते तेवढेच कळते. या दोहोंत किती अंतर आहे हे ओळखणे आणि ते आटोक्यात ठेवणे, एवढ्यासाठीच पुढील सर्व खटाटोप आहे.

येथे १५० मिलिमीटर लांब, ४.६ मिलिमीटर व्यासाचा, ५ मायक्रॉन कणांचा सी-१८ (कणांवर १८ कार्बनांच्या तेलकट साखळ्यांचा थर असलेला) कॉलम, मिनिटाला १ मिलिलिटर प्रवाह आणि २८० नॅनोमीटरवर लावलेला यूव्ही डिटेक्टर गृहीत धरला आहे.

ग्रेडियंटची गरज आहे का

केवळ तीन तिखट द्रव्ये वेगळी करायची असतील तर ग्रेडियंटवाचूनही काम भागते. ती एकमेकांची सख्खी भावंडे असल्यामुळे जवळजवळ बाहेर पडतात आणि पाणी व अॅसिटोनायट्राइलचे एकच ठरावीक मिश्रण, म्हणजे आयसोक्रॅटिक पद्धत, त्यांना पुरेशी ठरते. अडचण मिरचीतल्या इतर मालाची आहे. मिरचीचा लाल रंग कॅप्सँथिनसारख्या कॅरोटिनॉइडांचा असतो, त्यांतील बरीचशी मेदाम्लांशी जोडलेली असतात, आणि अशी तेलकट द्रव्ये सी-१८ कॉलमवर घट्ट बसतात. चाळीस-पन्नास टक्के अॅसिटोनायट्राइलने ती हलत नाहीत. दहा-वीस नमुने होईपर्यंत काहीच जाणवत नाही. मग प्रेशर हळूहळू चढते, पीक रुंद होतात, आणि मागल्या एखाद्या नमुन्यातले द्रव्य पुढल्या नमुन्याच्या बेसलाइनवर डोंगरासारखे उगवते. कॉलमच्या तोंडाशी नारिंगी कडे दिसू लागले असेल तर उशीर झालेला असतो.

नमुना खान्देशी काळ्या मसाल्याचा असेल तर गुंता आणखी वाढतो, कारण त्यात लवंगेचे युजेनॉल, मिरीचे पायपेरिन आणि खोबऱ्याचे तेलही असते. पायपेरिन तर कॅप्सेसिनच्या अगदी आसपास बाहेर पडू शकते. ते ओळखण्याची सोपी खूण अशी की ३४० नॅनोमीटरच्या सुमारास पायपेरिन भरपूर प्रकाश शोषते आणि कॅप्सेसिन जवळजवळ काहीच शोषत नाही. म्हणून डायोड अॅरे (एकाच वेळी अनेक तरंगलांब्या मोजणारा) डिटेक्टर असल्यास त्या तरंगलांबीचा आलेखही प्रत्येक वेळी पाहावा. अशा नमुन्यांसाठी ग्रेडियंट हवाच, आणि साध्या मिरचीसाठीही तो निदान कॉलम धुण्यापुरता हवा.

द्रावक निवडताना

पाण्यापासून सुरुवात करावी, कारण सर्वांत जास्त गोंधळ पाण्यामुळेच होतो. आपल्याकडचे विहिरीचे व बोअरचे पाणी जड असते; घरगुती आरओचे पाणी कितीही गोड लागले तरी ते येथे उपयोगाचे नाही. २५ अंशांना १८.२ मेगाओहम-सेंटिमीटर रोध दाखवणारे ताजे पाणी किंवा एचपीएलसी दर्जाचे बाटलीबंद पाणी घ्यावे. आयसोक्रॅटिक पद्धतीत पाण्यातली अशुद्धी सतत वाहत राहते आणि डोळ्याला दिसत नाही, परंतु ग्रेडियंटमध्ये सुरुवातीच्या पाणीदार टप्प्यात तीच अशुद्धी कॉलमच्या तोंडाशी साचते आणि द्रावक तीव्र झाला की खऱ्या पीकच्या थाटात बाहेर येते. संशय आला तर नमुना न घालता दोन ब्लँक चालवावेत, एकात सुरुवातीचे द्रावण १० मिनिटे व दुसऱ्यात ३० मिनिटे वाहू द्यावे. दुसऱ्यात ते भुताटकीचे पीक मोठे झाले तर दोष पाण्याच्या बाटलीत आहे.

अॅसिटोनायट्राइल आणि मेथॅनॉल यांतली निवड केवळ किमतीवर करू नये. अॅसिटोनायट्राइल पातळ आहे, पाण्यात मिसळल्यावरही फारसे घट्ट होत नाही, आणि १९० नॅनोमीटरपर्यंत पारदर्शक राहते. मेथॅनॉलची मर्यादा २०५ नॅनोमीटरच्या आसपास आहे, जी २८० वर काम करणाऱ्याला आडवी येत नाही. पण मेथॅनॉल व पाणी निम्मे-निम्मे झाले की मिश्रणाची घट्टता दोहोंपेक्षाही बरीच जास्त होते. त्यामुळे मेथॅनॉलच्या ग्रेडियंटमध्ये मधल्या टप्प्यावर प्रेशर चढून पुन्हा उतरते, आणि ते पाहून घाबरलेला विद्यार्थी पंप बंद करायला धावतो. सुरुवातीचे आणि शेवटचे प्रेशर न पाहता मधले सर्वोच्च प्रेशर पाहूनच प्रवाह ठरवावा. तीव्रतेचा ढोबळ हिशेब असा की ४० टक्के अॅसिटोनायट्राइल जितके काम करते, तितक्यासाठी सुमारे ५० टक्के मेथॅनॉल लागते.

माझा कल अॅसिटोनायट्राइलने सुरुवात करण्याकडे आहे. मात्र नॉरडायहायड्रोकॅप्सेसिन आणि कॅप्सेसिन ही जोडी सुटत नसेल, तर ग्रेडियंटच्या उतारावर आठवडा घालवण्याआधी एक दिवस मेथॅनॉलला द्यावा. उतार बदलला की पीकमधले अंतर बहुधा एकाच प्रमाणात ताणले जाते. द्रावक बदलला की पीकची परस्परांशी असलेली ओढच बदलते, आणि चिकटलेली जोडी कधीकधी एका फटक्यात सुटते. २००८-०९ मध्ये जगभर अॅसिटोनायट्राइलचा तुटवडा पडला होता, कारण ते अॅक्रिलोनायट्राइलच्या कारखान्यांत उपउत्पादन म्हणून मिळते आणि मंदीमुळे ते कारखानेच थंडावले होते. तेव्हा अनेक प्रयोगशाळांना नाइलाजाने मेथॅनॉलकडे वळावे लागले. तेव्हा मेथॅनॉलची पद्धतही हाताशी असलेली बरी.

आम्लाबाबत फार विचार करावा लागत नाही. कॅप्सेसिनवरचा फिनॉल गट आम्लधर्मी द्रावणात तटस्थच राहतो, म्हणून दोन्ही बाटल्यांत ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल पुरते. फॉस्फेट बफर वापरण्याचा मोह टाळावा. वापरलाच तर पीएच पाण्यातच, सेंद्रिय द्रावक मिसळण्यापूर्वी मोजावा, आणि अॅसिटोनायट्राइल ७० टक्क्यांच्या पुढे नेऊ नये, अन्यथा क्षार पंपातच खाली बसतात. धुण्यासाठी ९५ टक्क्यांपर्यंत जायचे असल्यामुळे मिरचीच्या कामात फॉस्फेट गैरसोयीचाच आहे.

पहिला शोधक ग्रेडियंट आणि त्यावरून हिशेब

पहिली धाव नेहमी रुंद घ्यावी, म्हणजे ५ पासून ९५ टक्के अॅसिटोनायट्राइलपर्यंत ३० मिनिटांत, मिनिटाला ३ टक्के या चढाने जावे. ही वेळ अंदाजाने ठरवलेली नाही. लॉइड स्नायडर यांनी मांडलेल्या सिद्धांतानुसार ग्रेडियंटमध्ये द्रव्य कॉलमवर सरासरी किती धरले जाते याची संख्या काढता येते: ग्रेडियंटचा काळ आणि प्रवाह यांचा गुणाकार करावा, आणि त्याला १.१५, कॉलममधील द्रावणाचे आकारमान, टक्केवारीतला बदल अपूर्णांकात आणि एस ही संख्या या चारांच्या गुणाकाराने भागावे. आपल्या कॉलममध्ये सुमारे १.५ मिलिलिटर द्रावण मावते. एस म्हणजे द्रावक तीव्र होताना द्रव्य किती झपाट्याने सैल पडते त्याचे माप. ते रेणुभाराच्या वर्गमुळाच्या साधारण पाव पट असते, आणि कॅप्सेसिनचा रेणुभार ३०५ असल्यामुळे ४.४ येते. आकडे घातले की ३० भागिले ६.८, म्हणजे जवळपास ४.४ हे उत्तर मिळते. ही संख्या २ ते १० यांच्या दरम्यान असावी, म्हणून पहिली धाव योग्य पट्ट्यात पडते.

आता क्रोमॅटोग्रॅम, म्हणजे या धावेचा आलेख, वाचावा. समजा काळ्या मसाल्याच्या नमुन्यात युजेनॉल १६.४ मिनिटांना, नॉरडायहायड्रोकॅप्सेसिन १८.४ ला, त्याच्या अंगाला घासून कॅप्सेसिन १८.७ ला आणि डायहायड्रोकॅप्सेसिन २०.१ ला आले. पहिल्या व शेवटच्या पीकमधले अंतर ३.७ मिनिटे आहे, म्हणजे ग्रेडियंटच्या काळाच्या १२ टक्के. हे प्रमाण २५ टक्क्यांच्या आत असेल तर आयसोक्रॅटिक पद्धत जमते आणि ४० टक्क्यांच्या वर गेले तर ग्रेडियंटच घ्यावा लागतो, असा रूढ नियम आहे. म्हणजे नियमाचे म्हणणे आपण वर पाहिले तेच आहे. तिखट द्रव्यांना ग्रेडियंट नको, तो रंगाला आणि तेलाला हवा.

पुढचे काम ५ ते ९५ मधला फुकट जाणारा भाग छाटण्याचे आहे. १६.४ मिनिटांना पंपाने जी टक्केवारी सोडली ती कॉलमच्या शेवटी त्या क्षणी पोहोचलेली नसते. पंपाकडून कॉलमपर्यंतचा विलंब आमच्या यंत्रात १.९ मिनिटे आहे आणि कॉलम ओलांडायला १.५ मिनिटे लागतात, अशी ३.४ मिनिटे वजा करावीत. उरलेल्या १३ मिनिटांना ३ ने गुणून ५ मिळवले की ४४ टक्के येतात, आणि याच रीतीने शेवटच्या पीकसाठी ५५ टक्के. एवढ्यावरून ४४ ते ५५ असा ग्रेडियंट लिहिणारे बरेच भेटतात, आणि त्यांचे पहिले पीक सुरुवातीच्या कचऱ्यात जाऊन मिसळते. चिकटलेल्या जोडीसाठी आपल्याला चढ निम्मा, म्हणजे मिनिटाला दीड टक्का करायचा आहे, आणि चढ निम्मा केला की प्रत्येक द्रव्य आधीपेक्षा कमी तीव्रतेलाच बाहेर पडते. ती घट दोनच्या लॉगरिथमला, म्हणजे ०.३ ला, एसने भागून मिळते, ०.३ भागिले ४.४ म्हणजे सुमारे ७ टक्के. म्हणून युजेनॉल ३७ टक्क्यांच्या आणि डायहायड्रोकॅप्सेसिन ४८ टक्क्यांच्या आसपास येईल असे धरावे, थोडी मोकळीक ठेवून सुरुवात ३० वर करावी आणि १४ मिनिटांत ५१ पर्यंत जावे. धरले जाण्याची संख्या आता ८.८ होते आणि शेवटचे पीक साडेपंधरा मिनिटांच्या आत बाहेर पडते. पंपाचा तक्ता १४ मिनिटांनी ५१ टक्क्यांवरून वर उसळला तरी चालते, कारण तो धक्का कॉलमच्या शेवटी साडेसतरा मिनिटांच्या सुमारास पोहोचतो.

जोडीचे रेझोल्युशन (दोन पीक किती सुटे आहेत त्याचे माप) १.५ आले म्हणून थांबू नये. २ गाठावे, कारण कॉलम जुना झाला की पहिला बळी याच जोडीचा जातो. येथून पुढे एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तापमान आणि चढ दोन्ही एकत्र बदलून पीक सुटले तर श्रेय कोणाला द्यायचे हे कळत नाही, आणि ते महिन्याभराने नेमके लागते.

विलंबाचे आकारमान मोजल्याशिवाय पद्धत उचलू नये

वर वापरलेला १.९ मिनिटांचा विलंब मोजून घ्यावा लागतो, कारण यंत्रासोबतच्या कागदावरची संख्या बदललेल्या मिक्सरला किंवा लांब नळ्यांना लागू पडत नाही. कॉलम काढून त्या जागी जोडणीची साधी नळी लावावी. एका बाटलीत पाणी आणि दुसरीत ०.१ टक्का अॅसिटोन मिसळलेले पाणी घ्यावे, डिटेक्टर २६५ नॅनोमीटरवर ठेवावा आणि ० ते १०० टक्के असा २० मिनिटांचा ग्रेडियंट चालवावा. विलंब शून्य असता तर रेषा अर्ध्या उंचीवर बरोबर १० मिनिटांना आली असती. आमच्याकडे ती ११.९ ला आली. फरक १.९ मिनिटे, आणि प्रवाह १ मिलिलिटर असल्यामुळे आकारमान १.९ मिलिलिटर. चार द्रावक एकाच पंपाआधी मिसळणाऱ्या यंत्रांत हा आकडा मोठा असतो आणि दोन स्वतंत्र पंपांच्या यंत्रांत लहान.

हे मोजण्याची सवय मला एका फजितीने लावली. दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून मिरचीची तयार पद्धत आणली होती. कॉलम तोच, द्रावक तेच, तक्ता अक्षरशः तोच. त्यांच्या यंत्राचा विलंब ०.६ मिलिलिटर होता हे मागाहून कळले. आमचे सगळे पीक १.३ मिनिटे उशिरा आले, आणि सॉफ्टवेअरने कॅप्सेसिनसाठी ठरवून दिलेल्या वेळेच्या खिडकीत जे पीक सापडले त्याला बिनदिक्कत कॅप्सेसिनचे नाव दिले. ते नॉरडायहायड्रोकॅप्सेसिन होते. दर ग्रॅममागे १ मायक्रोग्रॅम कॅप्सेसिन म्हणजे सुमारे १६ स्कोव्हिल एकके होतात, त्यामुळे झणझणीत माल कागदावर अगदीच सौम्य ठरला. ज्याने नमुना पिशवीतून काढताना डोळे पुसले होते त्याच सहकाऱ्याने तो आकडा पाहून शंका घेतली, म्हणून अहवाल बाहेर गेला नाही.

पद्धत हलवताना आपल्या यंत्राचा विलंब कमी असेल तर तक्त्याच्या आरंभी फरकाइतकी मिनिटे सुरुवातीची टक्केवारी स्थिर ठेवावी. आपला विलंब जास्त असेल, तर ग्रेडियंट सुरू झाल्यावर तेवढ्या वेळाने नमुना सोडण्याची सोय यंत्रात आहे का ते पाहावे.

धुणे, स्थिरावणे आणि नमुन्याचा द्रावक

१४ मिनिटांनंतर एका मिनिटात ९५ टक्क्यांवर जाऊन तेथे पाच मिनिटे थांबावे. मिरचीच्या लाल रंगासाठी हेही पुरेसे होत नाही, कारण कॅरोटिनॉइडांची मेदाम्लयुक्त रूपे अॅसिटोनायट्राइलमध्ये नीट विरघळत नाहीत. म्हणून दिवसाच्या शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने अर्धा तास कॉलम धुवावा. ते घट्ट असल्याने प्रवाह ०.३ मिलिलिटरवर आणावा.

धुतल्यावर ३० टक्क्यांवर परतून कॉलम स्थिरावू द्यावा. दहा कॉलम आकारमाने, म्हणजे १५ मिलिलिटर, आणि त्यात विलंबाचे १.९ मिळवून जवळपास १७ मिनिटे होतात. ही वेळ कमी करता येते, पण अंदाजाने करू नये. स्थिरावण्याला १७, १२ आणि ८ मिनिटे देऊन तेच स्टँडर्ड (माहीत असलेल्या प्रमाणाचे द्रावण) पुन्हा पुन्हा सोडावे. ज्या वेळेला रिटेन्शन टाइम (द्रव्य बाहेर पडण्याची वेळ) ढळू लागेल त्याच्या आधीची वेळ घ्यावी. एकदा ठरवलेली वेळ मात्र प्रत्येक नमुन्याला सारखीच द्यावी.

मिरचीचा अर्क बहुधा शुद्ध मेथॅनॉल किंवा इथेनॉलमध्ये असतो. तो २० मायक्रोलिटर सोडला की ३० टक्क्यांच्या सौम्य द्रावणात तीव्र द्रावकाचा एक गोळा शिरतो, त्याच्याबरोबर द्रव्ये पुढे घसटत जातात आणि सुरुवातीचे पीक पसरट किंवा दुभंगलेले येतात. पाणी घालून अर्क सौम्य केला तर तो दुधाळ होतो आणि तिखट द्रव्यांचा काही भाग तेलाबरोबर गाळणीवर अडकतो. यावर आम्ही काढलेला मार्ग साधा आहे: अर्क तसाच ठेवून केवळ ५ मायक्रोलिटर सोडतो, आणि ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळण्यापूर्वीचे व नंतरचे स्टँडर्ड एकदा ताडून पाहतो.

आपल्या उन्हाळ्यात

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि पद्धत हिवाळ्यात तयार झालेली असते. तापमान एका अंशाने वाढले की द्रव्यांची कॉलमवरील पकड साधारण एक ते दोन टक्क्यांनी ढिली होते. कॉलम ओव्हनला थंड करण्याची सोय नसेल तर तो खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. पडद्यावर ३० लिहिलेले आणि वातानुकूलन बंद पडून खोली ३७ अंशांवर, हा प्रसंग येथे नवा नाही. म्हणून पद्धत मुळातच ४० अंशांवर बसवावी.

आधीच मिसळून ठेवलेल्या बाटलीतून उन्हाळ्यात अॅसिटोनायट्राइल उडते आणि दुपारचे पीक सकाळच्यापेक्षा उशिरा येतात. दोन्ही द्रावक वेगळे ठेवून पंपालाच मिसळू द्यावेत, आणि बाटलीला बारीक छिद्राचे झाकण असावे. हाताने मिसळायचेच झाले तर दोन्ही द्रावक वेगवेगळे मोजून मग एकत्र करावेत, कारण मिसळल्यावर आकारमान घटते आणि खुणेपर्यंत भरल्यास प्रमाण चुकते. शिवाय अॅसिटोनायट्राइल व पाण्याचे मिश्रण गार पडते, तेव्हा ते खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. निव्वळ पाण्याच्या बाटलीत उष्म्याने शेवाळ व जंतू लवकर धरतात. त्या बाटलीत ५ टक्के अॅसिटोनायट्राइल घातले की हा त्रास घटतो आणि सी-१८ कॉलम निव्वळ पाण्याने कोरडा पडण्याचा धोकाही टळतो. तक्त्यातली टक्केवारी मात्र त्यानुसार दुरुस्त करून घ्यावी.

वीज गेल्यावर पंप थांबतो आणि कॉलममध्ये त्या क्षणी जे काही असेल ते तसेच राहते. वीज परतल्यावर थेट पुढचा नमुना न सोडता आधी एक पूर्ण ब्लँक धाव घ्यावी आणि मग स्टँडर्ड सोडून रिटेन्शन टाइम जुळतो का ते पाहावे. दिवसाचे काम संपताना आम्ल धुऊन काढून कॉलम ७० टक्के अॅसिटोनायट्राइलमध्ये बंद करावा आणि टाकाऊ द्रावक बेसिनमध्ये न ओतता झाकणाच्या कॅनमध्ये जमा करावेत. कॅप्सेसिनचे स्टँडर्ड वजन करताना वापरलेले हातमोजे त्याच दिवशी टाकून द्यावेत; ते पुन्हा घालून घामाने डबडबलेला चेहरा पुसणारा माणूस आमच्याकडे दर उन्हाळ्यात एकदा तरी निघतोच.